कॉलेजचं नाव नको, मुलांचं काम बघ

अगं, बारावीनंतर ग्राफिक डिझाइन करायचं म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. भिलाईत ज्याच्या त्याच्या तोंडी जेईई, तिथे हे घरात नुसतं बोलायलाही धीर लागतो. आता निवड नीट कर. प्रत्येक कॉलेजचं एकच आधी बघ: शेवटच्या वर्षाची मुलं काय काम करतात? ते काम आपणही करावं असं वाटलं, तरच फॉर्म भर.

खैरागढ कुणीतरी सुचवणारच. १९५६ सालचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आपल्या अगदी जवळ आहे आणि चित्रकला, शिल्पकलेसाठी चांगलंच आहे. पण तिथला ग्राफिक्स विभाग छापाचित्रांचा. लाकूड कोरायचं, धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेषा उठवायच्या, मग कागदावर ठसा घ्यायचा. हात त्यात रमत असेल तर जरूर जा. मुखपृष्ठं, पॅकिंग, अ‍ॅपचे स्क्रीन करायचे असतील, तर पुढे बघ.

अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था १९६१ पासूनची. तिथे चार वर्षांच्या बी.डेस.मध्ये ग्राफिक डिझाइन हा स्वतंत्र विषय मिळतो. भोपाळच्या एनआयडीत कम्युनिकेशन डिझाइन आहे. दोन्हींची प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांची. दुसरी वाट यूसीडची. आयआयटी मुंबई ही परीक्षा घेते आणि तिच्यावर गुवाहाटी, हैदराबादच्या आयआयटी आणि जबलपूरच्या ट्रिपलआयटीडीएमसारख्या ठिकाणीही प्रवेश होतो. त्यासाठी जेईई लागत नाही, कोणत्याही शाखेची बारावी चालते. पण परीक्षा लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, म्हणून तयारी अकरावीतच सुरू कर. चित्र काढता येणं पुरत नाही. आकृत्यांचे प्रश्न, तर्क, निरीक्षण, सगळं तपासतात.

महाराष्ट्रात जायचं मनात असेल, तर मुंबईचं जे. जे. आणि नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथे या विषयाला उपयोजित कला म्हणतात. एक गोष्ट बाबांना आत्ताच सांग: आपण घरी मराठी बोलतो म्हणून डोमिसाइल मिळत नाही. राज्याबाहेरच्या मुलांना जागा किती, फी किती, हे त्याच वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाच. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या नियमांवर विसंबू नकोस.

खाजगी कॉलेजं चकचकीत ब्रोशर पाठवतील. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, ते लेखी माग. फीच्या आकड्यात हॉस्टेल, लॅपटॉप, प्रिंटआउट, साहित्य हे सगळं चार वर्षांचं धर आणि मग आई-बाबांसमोर कागद ठेव. कर्ज काढावं लागणार असेल, तर तिथून पास झालेल्या दोघा-तिघांना फोन करून पहिली नोकरी काय मिळाली, हे स्पष्ट विचार. संकोच करू नकोस, पैसा घरचा आहे.

आणि स्वतःला कमी समजू नकोस. घरी मराठी, बाहेर हिंदी. देवनागरी रोज तुझ्या डोळ्यांखालची. भिलाईतल्या पॉवर हाऊसच्या बाजारातले हाताने रंगवलेले बोर्ड बघ, जोडाक्षरं कशी बसवलीत ते वहीत उतरवून घे. कोल्हापुरात जन्मलेल्या र. कृ. जोशींनी भारतीय लिप्यांवर आयुष्यभर काम केलं, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं; संगणकावरचा ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. आपल्या लिपीत चांगलं काम करणाऱ्यांची आजही गरज आहे. म्हणून जिथे अक्षर मनापासून शिकवतात, ते कॉलेज तुझ्या यादीत वर असू दे.

या महिन्यात पाच नावं काढ. प्रत्येकापुढे मुलांचं काम, परीक्षा, एकूण खर्च लिही आणि मला पाठव. आई-बाबांशी बोलायला मी येईन, पण यादी तू केलेली हवी.