३१ मेनंतरचा बुधवार

वाई,
अक्षय्य तृतीया

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "मावशी, ३१ मेला सुटलो बघ." आवाज मात्र सुटलेल्या माणसाचा वाटला नाही. म्हणून हे पत्र.

शाळेत घालताना गुरुजींनी तुझी जन्मतारीख १ जून लावली, माझीही तीच. म्हणून मीसुद्धा ३१ मेलाच निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, पंधरा दिवस सुट्टीसारखे गेले. मग जूनच्या मध्यावर शाळा भरल्याची घंटा घरापर्यंत ऐकू आली, तेव्हा मी नेहमीसारखी आवरून ओट्यावर उभी होते. जायला कुठे नव्हतं. घरात कामं ढीगभर होती, पण माझी वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. ती कळ वर्षभर गेली नाही.

गेली ती दोन मुलींमुळे. शेजारी कामाला येणाऱ्या बाईंच्या लेकी, भागाकारात अडलेल्या. त्यांना म्हटलं, रोज चारला या. दारात त्यांच्या चपला वाजू लागल्या आणि माझ्या दिवसाला पुन्हा कणा आला. आता पंधरा वर्षं होत आली. मुलं बदलत गेली, चारची वेळ तीच आहे.

बाळू, माझं सांगणं एवढंच. फिरायला जा, वाच, बागेत रम. पण आठवड्यातला एक तरी वार असा ठेव, की त्या दिवशी तू गेला नाहीस तर कुणाचं तरी अडेल.

अण्णासाहेब कर्व्यांचं उदाहरण मी वर्गात किती वेळा दिलं असेन! त्याचा अर्थ मला स्वतः निवृत्त झाल्यावर लागला. १९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं, म्हणजे येत्या १ जूनला तुझं होईल तेच. विद्यार्थिनी होत्या पाच. पुढे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शिक्षणाचं काम हाती घेतलं. तू म्हणशील, ते कर्वे होते. खरं आहे. पण विद्यापीठ आकाशातून पडलं नव्हतं. त्याच्या वीस वर्षं आधी, १८९६ साली, त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला होता. निवृत्तीनंतर त्यांनी वाढवलं ते आधीपासून हातात असलेलंच.

मग तुझ्या हातात काय आहे? तलाठी म्हणून लागलास, मंडल अधिकारी म्हणून बाहेर पडतो आहेस. सातबारा, आठ-अ, फेरफार तू डोळे मिटून वाचतोस. गावातली माणसं मात्र तो कागद घडी करून पिशवीत ठेवतात आणि ज्याला-त्याला दाखवत फिरतात. नवरा गेल्यावर वारस नोंद करायची असते, हेही कित्येक बायकांना कुणी सांगत नाही. बुधवारी तुमच्या गावचा बाजार. सकाळी दोन तास वाचनालयाच्या ओसरीवर बस. कागद वाचून दाखव, अर्ज कुठे आणि कसा करायचा ते सांग. पैसा घेऊ नकोस, चहासुद्धा नको. आणि कुणाच्या कामासाठी जुन्या कचेरीत जाऊन आपल्याच हाताखालच्या पोरांना अवघडवू नकोस. खुर्ची सोडली की तिचा दाबही सोडायचा.

घरातलंही सांगते. तुझी नोकरी संपते, सुनबाईचं काम नाही. दर तासाला चहा मागण्यापेक्षा सकाळचा चहा तू कर. उपदानाची सगळी रक्कम घराच्या मजल्यात घालू नकोस. गुडघे आज चालतात तोवर रोज चाल.

आणि हे दिवस थोडे आहेत असं समजू नकोस. पेन्शनचा जो भाग आपण विकून एकरकमी घेतो, तो पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. माझा गेल्या वर्षी झाला. त्या दिवशी पासबुक पाहताना मनात आलं, पंधरा वर्षं! जवळजवळ निम्म्या नोकरीएवढा काळ. तो नुसता दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यात घालवायचा का? आपण हयात आहोत हे बँकेखेरीज आणखी कुणाला तरी जाणवायला हवं.

जूनच्या पहिल्या बुधवारी बस आणि किती जण आले ते मला कळव. कुणीच आलं नाही, तरी दोन तास पुरे केल्याशिवाय उठू नकोस. दुसऱ्या बुधवारी पुन्हा जा. तू तिथे असतोस, एवढं गावाला कळायला थोडा वेळ लागेल. मग मात्र लोक तुझी वाट पाहू लागतील.

सुनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मावशी