एक कोस नियमाचा, दुसरा मनाचा

खेळाचे नियम दोन प्रकारचे असतात. काही छापील पुस्तकात असतात; ते मोडले की पंच शिटी वाजवतो किंवा बोट वर करतो. दुसरे कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत. हुतूतूत दम कोणत्या क्षणी तुटला हे चढाई करणाऱ्या गड्यालाच प्रथम कळते. आट्यापाट्यांत पाटीवरच्या गड्याच्या बोटांचा निसटता स्पर्श ज्याच्या पाठीला झाला त्यालाच तो ठाऊक असतो. कस्तुरचंद पार्कवर सायंकाळी मुलांचे जे सामने चालतात त्यांत बहुधा पंचच नसतो. अशा वेळी खेळ ज्या आधारावर उभा राहतो, तो आधार म्हणजे अलिखित नियम. प्रस्तुत लेखात या अलिखित नियमांचा थोडा अभ्यास करण्याचे योजिले आहे. हा विषय आम्ही का निवडला हे आरंभीच सांगणे प्राप्त आहे; कारण त्यात आमच्या एका चुकीची कबुली आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांच्या दोन वर्गांत क्रिकेटचा सामना झाला. पंचाचे काम आमच्याकडे होते. शेवटचे षटक, शेवटची जोडी आणि जिंकण्यास चार धावा हव्या, अशी स्थिती होती. गोलंदाज नववीतला एक अबोल मुलगा. दुसऱ्या टोकाचा फलंदाज चेंडू त्याच्या हातून सुटण्यापूर्वीच दोन पावले पुढे निघत असे. दोन चेंडू असे गेले. तिसऱ्या वेळी गोलंदाज थांबला, त्याने यष्टीवरच्या बेल्स पाडल्या आणि आमच्याकडे वळून दाद मागितली. नियमाप्रमाणे फलंदाज बाद होता. तसा निर्णय आम्ही दिला. परंतु आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. जमलेल्या मुलांदेखत आम्ही म्हणालो, "नियमात बसते, पण खेळाडूला शोभत नाही." मुलांनी ते वाक्य उचलले. ज्याने सामना जिंकून दिला त्यालाच ती 'चोर' म्हणून हिणवू लागली. तो मुलगा महिनाभर मैदानाकडे फिरकला नाही. एके दिवशी वर्ग सुटल्यावर मात्र आमच्या मेजापाशी येऊन त्याने विचारले, "सर, रेषा सोडून मी गेलो होतो, की तो?"

आमच्यापाशी उत्तर तयार नव्हते. मग आम्ही या प्रश्नाचा इतिहास वाचू लागलो.

१९४७ साली स्वतंत्र हिंदुस्थानचा क्रिकेटसंघ प्रथमच परदेशी गेला, तो ऑस्ट्रेलियात. कर्णधार लाला अमरनाथ होते. सांगलीस जन्मलेले विजय हजारे या संघात होते. मराठी ख्रिस्ती समाजाच्या या सुपुत्राने पुढे ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके ठोकली. डावखुरे फिरकी गोलंदाज विनू मंकड हेही याच संघातले. नोव्हेंबर महिन्यात सिडनी येथे ऑस्ट्रेलियाच्या एका निवडक संघाशी सामना झाला. बिल ब्राउन हा फलंदाज चेंडू सुटण्यापूर्वीच रेषा सोडतो, हे पाहून मंकड यांनी त्याला आधी ताकीद दिली. पुन्हा तसेच घडल्यावर त्याला धावचीत केले. पुढच्याच महिन्यात, १३ डिसेंबर १९४७ रोजी, त्याच सिडनीच्या मैदानावर दुसऱ्या कसोटीत ब्राउनने तीच चूक केली व मंकड यांनी पुन्हा त्याला तसेच बाद केले. या वेळी निराळी ताकीद दिली नाही. आणि एकदा ताकीद देऊन व एकदा बाद करूनही जो समजला नाही, त्याला आणखी किती वेळा सांगावे?

तरीही मंकड यांच्यावर टीकेचे काहूर उठले. हे कृत्य अखिलाडू आहे, असे अनेकांनी म्हटले. इतकेच नव्हे, तर अशा रीतीने बाद करण्याला त्यांचेच आडनाव चिकटले व जगभर 'मंकडिंग' हा शब्द रूढ झाला. थोर अष्टपैलू खेळाडूचे नाव असे निंदेच्या शब्दात अडकून पडावे, ही केवढी दुर्दैवाची गोष्ट! नवल असे की प्रतिपक्षाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र मंकड यांना दोष दिला नाही. रेषा लवकर सोडणारा फलंदाज अन्याय्य लाभ घेतो, मग त्याला अडवणारा अखिलाडू कसा, असा त्यांचा रोख होता; आणि १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपले हे मत नोंदवून ठेवले.

आता विचार करू. दोन्ही टोकांच्या यष्टींमधील अंतर बावीस यार्ड असते. धावचीत होणे वा न होणे पुष्कळदा चार बोटांच्या अंतरावर ठरते. अशा खेळात जो दोन पावले आधी निघतो, तो प्रत्येक धावेतून थोडे अंतर फुकट घेतो. त्याचे हे घेणे अल्प असते, मूक असते, आणि सर्वांचे लक्ष दुसऱ्या टोकाकडे असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. गोलंदाज जेव्हा त्याला अडवतो तेव्हा मात्र खेळ थांबतो, बेल्स पडतात, सर्वांच्या नजरा वळतात. म्हणून आपण अडवणाऱ्याला दोष देतो व घेणाऱ्याला विसरतो. दुधात रोज पाणी घालणारा गवळी मुकाट राहतो आणि एक दिवस माप तपासणारा गिऱ्हाईक भांडखोर ठरतो, त्यातलाच हा प्रकार. आमच्या हातूनही मैदानावर हीच चूक झाली.

अलिखित नियमांविषयी आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लिखित नियम कोणी केला, केव्हा केला, हे विचारता येते. सभेत ठराव मांडून तो बदलताही येतो. अलिखित नियमाला जन्मतिथी नसते. इंग्लंडात १९६२ पर्यंत हौशी खेळाडूंना 'जंटलमेन' व वेतनी खेळाडूंना 'प्लेअर्स' म्हणत आणि दोघांचे एकमेकांविरुद्ध सामने भरत. जेथे खेळाडूंमध्येच असा उच्चनीच भाव होता, तेथे 'शोभणे' म्हणजे काय हे सर्वांनी मिळून ठरवले असेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. म्हणून एखादी गोष्ट शोभत नाही असे म्हणण्यापूर्वी, ती कोणाच्या सोयीसाठी शोभत नाही, हे विचारावे.

लिखित नियमाने या बाबतीत अखेर न्याय केला. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने अशा रीतीने बाद करण्याची तरतूद 'अनुचित खेळ' या प्रकरणातून काढून सामान्य 'धावचीत' या नियमात घातली. १ ऑक्टोबर २०२२ पासून ती तेथेच आहे. त्याच्या एकच आठवडा आधी, २४ सप्टेंबर रोजी, लॉर्ड्स मैदानावर भारताच्या दीप्ती शर्मा यांनी इंग्लंडची शेवटची फलंदाज शार्लट डीन हिला असेच बाद केले आणि भारताने १६ धावांनी सामना जिंकला. मंकड यांच्या वेळचा गदारोळ पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा उठला. नियम बदलायला एक ठराव पुरतो. मन बदलायला पिढ्या लागतात.

तर मग अलिखित नियम टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. दुसरे उदाहरण पाहा. फेब्रुवारी १९८० मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडशी एक कसोटी झाली. भारताचे कर्णधार होते गुंडाप्पा विश्वनाथ. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८ अशी झाली. बोथमच्या जोडीस बॉब टेलर आला. कपिल देवच्या चेंडूवर तो यष्टिरक्षकाकडे झेल गेल्याचे अपील झाले आणि पंचांनी त्याला बाद ठरवले. टेलर घुटमळला, चेंडू बॅटीला लागलाच नाही असे तो म्हणाला. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथांनाही ते पटले. त्यांनी अपील मागे घेतले व टेलरला परत बोलावले. त्या जोडीने १७१ धावांची भर घातली, बोथमने ११४ धावा केल्या व सामन्यात तेरा बळी घेतले, आणि भारत दहा गडी राखून हरला. कर्णधार म्हणून विश्वनाथांच्या वाट्याला दोनच कसोट्या आल्या. त्यांतली ही दुसरी. तरी त्या सामन्याची आठवण निघाली की बोथमच्या पराक्रमाबरोबर विश्वनाथांची ती कृतीही सांगितली जाते.

या दोन प्रसंगांत भेद कोणता? मंकड यांनी आपला हक्क घेतला. विश्वनाथांनी आपला हक्क सोडला. पहिले न्याय्य आहे, दुसरे उदात्त आहे. येथे प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनातील दुसऱ्या कोसाची आठवण होते. रोमी शिपाई वाटेवरच्या माणसाला वेठीस धरून ओझे वाहायला लावी. प्रभूने शिष्यांस शिकवले की एका कोसाची सक्ती झाली तर आपण होऊन दोन कोस चालावे. पहिला कोस कायद्याचा, दुसरा मनाचा. परंतु लक्षात ठेवा, दुसरा कोस ज्याचा त्याने चालायचा असतो. तो दुसऱ्याकडून मागितला की त्याची वेठ होते. अलिखित नियम हा स्वतःच्या आचरणासाठी आहे. दुसऱ्याच्या पाठीत घालण्याची ती छडी नव्हे.

ही छडी कशी चालते ते अमेरिकेतील बेसबॉल या खेळात दिसते. तेथील व्यावसायिक खेळाडूंचे अलिखित नियम पुष्कळ आहेत: संघ फार पुढे असता धावती चोरी करून तळ घेऊ नये, लांबवर टोला मारल्यावर तो न्याहाळत उभे राहू नये, इत्यादी. आणि ते मोडणाऱ्याच्या अंगावर पुढे मुद्दाम चेंडू फेकण्याची चालही तेथे पडली. नम्रतेचा नियम सुडाने पाळवायचा, ही विसंगती नव्हे काय?

परंतु त्याच खेळात, २ जून २०१० रोजी डेट्रॉइट येथे, आर्मांडो गॅलारागा या गोलंदाजाने ओळीने सव्वीस फलंदाज बाद केले. सत्ताविसावा बाद झाला की 'परिपूर्ण सामना' हा दुर्मीळ मान त्याला मिळणार होता. तो फलंदाज बाद होता. पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. गॅलारागा केवळ हसला व पुढच्या फलंदाजाला बाद करून त्याने सामना संपवला. सामन्यानंतर चित्र पाहून जॉइस यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंची यादी पंचांच्या हाती देण्यास गॅलारागा स्वतः आला, तेव्हा जॉइस यांच्या डोळ्यांत पाणी होते. तो मान नोंदवहीत कधीच चढला नाही; पण चुकलेल्या पंचाने क्षमा मागावी व अन्याय झालेल्याने ती द्यावी, हा दुसरा कोस दोघेही चालले.

विद्यार्थिमित्रहो, ज्या नगरीत १८९५ साली कर्नल सी. के. नायडू जन्मले, ज्यांनी १९३२ साली हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व केले, त्या नागपूरचे तुम्ही खेळाडू आहात. फलंदाज असाल तर चेंडू सुटेपर्यंत रेषा सोडू नका. ताकीद मिळण्याची वाट पाहू नका. गोलंदाज असाल तर हक्क बजावताना लाजू नका, आणि एकदा ताकीद द्यावीशी वाटली तर ती उदारपणे द्या. मात्र ती न देणाऱ्याला हलका लेखू नका. प्रेक्षक असाल तर कोणालाही नाव ठेवण्यापूर्वी पायांखालची रेषा पाहा.

पंचाच्या बाबतीतला धडा आमच्यासाठी आहे. पौलाने तीमथ्याला लिहिले की नियमाप्रमाणे झुंजणाऱ्यालाच मुकुट मिळतो. त्या मुलाने नियमाप्रमाणे झुंज दिली होती. मुकुट देणे आमचे काम होते. आम्ही तो देता देता त्यात काटा ठेवला. चुकलेल्या त्या पंचाप्रमाणे आम्हीही आज सर्वांदेखत म्हणतो: बाळ, रेषा सोडून गेला तो; तू नव्हेस. येत्या हिवाळ्यात पहिले षटक तू टाकावेस, अशी आमची इच्छा आहे.