टूरिंग सायकल रिकामी चालवून घेऊ नका

दुकानासमोर दोन फेऱ्या मारायच्या, गिअर बदलून पाहायचे, ब्रेक दाबायचे आणि पैसे मोजायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत. रोज कामावर जायच्या सायकलीला ती चालून जाते. टूरिंग सायकलीला ती पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. ही सायकल ओझं वाहायला बनवलेली असते. ओझ्याविना तिचे गुणही झाकलेले राहतात आणि दोषही. भिवंडीतल्या नारपोलीहून नाशिकला निघालेल्याच्या कॅरियरवर दहा-बारा किलो सामान सहज होतं, आणि पडघा, शहापूर मागे टाकलं की पुढे कसाऱ्याचा घाट उभा असतो. तिथे रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे, अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. तिथे जे कळणार, ते खरेदीआधीच कळलेलं बरं.

म्हणून दुकानात जाताना पॅनियर, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या, आणि दहा किलो तांदूळ सोबत न्या. दोन्ही बाजूंना सारखं वजन भरून पायडल मारा आणि टाचेकडे लक्ष द्या. शर्यतीच्या सायकलीत पायडलचे दांडे जोडलेल्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर साधारण ४१० मिलिमीटर असतं, टूरिंगमध्ये ४५०च्या आसपास. हे अंतर कमी पडलं, तर दर फेरीला टाच पिशवीला घासते. मग उतारावर हँडल लटपटतं का ते पाहा, हात न सोडता. लटपटलं तर आधी कॅरियरचे बोल्ट आवळा, वजन खाली घ्या. तरीही थांबलं नाही, तर ती फ्रेम त्या ओझ्यासाठी नव्हे. चढासाठी पुढचं सर्वांत लहान चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्रापेक्षा कमी दात्यांचं हवं. पुढे २६, मागे ३४ असेल, तर पायडलच्या एका फेरीत चाक जेमतेम पाऊण फेरी फिरतं, आणि घाटात हाच गिअर गुडघे वाचवतो. खराब रस्ता शोधायला नारपोलीकराला लांब जावं लागत नाही. गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरांनी तो दाराशीच आणून ठेवलाय. मात्र चाचणी पहाटे करा, त्या वाहनांच्या गर्दीत नको.

यावर म्हणतात, ‘सीट, हँडल नंतर बदलता येतं.’ खरं आहे. नवी सीट पहिल्या दिवशी टोचली म्हणून सायकल नाकारूही नये. पण फ्रेमची लांबी आणि मागच्या चाकाचं अंतर बदलता येत नाही. अर्ध्या तासात हाताला मुंग्या आल्या, मान अवघडली, तर माप तपासून घ्या. दुसरा आक्षेप दुकानदाराचा: नवी कोरी सायकल सामान लादून कशी द्यायची? त्याची काळजी रास्त आहे. अनामत ठेवा, ओळखपत्र ठेवा, ओरखडा पडला तर भरपाई कबूल करा. तरीही नकार आला, तर तेच मॉडेल, त्याच मापाचं, कुणा सायकलस्वाराकडून तासभर मागून घ्या. तेही जमलं नाही, तर दुसरं दुकान गाठा. ठाणं आणि कल्याण इथून लांब नाही.