वाटेची निवड

राजुरी हे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील गाव. गावापासून पश्चिमेकडे जावे, तसतसे डोंगर उंच होत जातात व अखेरीस सह्याद्रीचे कडे लागतात. शिवनेरी, हडसर, चावंड व जीवधन हे गड त्याच बाजूला आहेत. अशा प्रदेशातील मुलांना डोंगर चढण्याची हौस वाटावी, हे साहजिकच आहे. मात्र हौसेला विचाराची जोड हवी.

एकाच गडाच्या सर्व वाटा सारख्या नसतात. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १६३० साली ज्या शिवनेरीवर झाला, त्या गडावर जुन्नरच्या बाजूने बांधीव पायऱ्यांची वाट जाते. तीवर एकामागून एक सात दरवाजे लागतात. दुसरी वाट साखळीची. ती उभ्या कातळातून जाते आणि तेथे हातांनाही पायांइतकेच काम पडते. गड एकच, शिखरही एकच. परंतु पहिली वाट बहुतेकांची, तर दुसरी केवळ सराव झालेल्यांची.

वाटेचा अवघडपणा दोन प्रकारचा असतो. काही वाटा आखूड पण उभ्या असतात. १८१८ साली इंग्रजांनी चावंड, जीवधन यांसारख्या गडांच्या पायऱ्या मोडल्या. त्यामुळे तेथे काही जागी कातळाला धरून चढावे लागते. पावसाळ्यात असा कातळ शेवाळाने निसरडा होतो. काही वाटा तितक्या उभ्या नसतात, पण लांब असतात. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट तशी आहे. हा गड १,४२२ मीटर उंच आहे. तेथे दमाची परीक्षा होते.

आपला दम ओळखावा कसा? चढताना सोबत्याशी बोलता येत असेल, तर चाल योग्य आहे. शब्दागणिक धाप लागत असेल, तर ती शक्तीबाहेरची आहे. नवशिक्याने प्रथम लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून पाहाव्यात, मग शिवनेरीची पायऱ्यांची वाट धरावी आणि त्यानंतरच लांबच्या गडाचा विचार करावा.

वेळेचा अंदाज बांधण्याची एक रीत स्कॉटलंडमधील नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितली. दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, असा तो हिशोब आहे. म्हणजे पाच किलोमीटर वाटेत सहाशे मीटर चढ असेल, तर दोन तास लागतात. हा हिशोब धडधाकट प्रौढाचा आहे व त्यात विसावा धरलेला नाही. मुलांनी त्याहून अधिक वेळ हाती ठेवावा.

अनेकजण मिळून निघाले, म्हणजे वाट सर्वांत बळकट गड्याकडे पाहून नव्हे, तर सर्वांत अशक्त सोबत्याकडे पाहून ठरवावी. शिवाय माथा गाठला म्हणजे काम संपले असे नाही. उतरताना मांड्यांचे स्नायू शरीराचा वेग आवरून धरतात. ते थकले की पाय घसरतो. म्हणून परतीसाठी बळ, पाणी आणि उजेड राखून ठेवावा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण डोंगरालाही लागू पडते. अर्ध्या वाटेवरून परत फिरणे हा भित्रेपणा नव्हे. डोंगर जागचा हलत नाही. आज न साधलेली वाट सरावाने उद्या साधता येते.