गप्प बसलेलं इंजिन

मु. पो. रेणापूर, जि. लातूर

चि. भाच्यास,

तुझं बुद्धिबळाचं इंजिन टर्मिनलमध्ये पटापट चाली सांगतं आणि अरीना या पट दाखवणाऱ्या प्रोग्रामला जोडलं की गप्प बसतं, हे वाचलं. चाली शोधणारा भाग मोडून पुन्हा लिहायला घेऊ नकोस. दुखणं बहुधा बोलण्यात आहे.

इंजिनाला पट नसतो, सोंगट्याही नसतात. पट दाखवतो तो वेगळा प्रोग्राम, आणि दोघांत जातात-येतात त्या फक्त मजकुराच्या ओळी. म्हणून आधी भाषा ठरावी लागते. सोंगट्यांच्या नावांवर तर भिस्त ठेवता येत नाही: आपला हत्ती पटाच्या कोपऱ्यात उभा असतो. रशियात मात्र हत्ती म्हणतात ते आपल्या उंटाला. म्हणून इंजिनाशी बोलण्याच्या यूसीआय या नियमावलीत, प्याद्याची बढती सोडली तर, चालीत सोंगटीचं नावच येत नाही. कोणतं घर सोडलं आणि कोणतं गाठलं, एवढंच: 'जी१एफ३'. घोडा निघाला हे ज्याचं त्यानं ओळखायचं.

यूसीआय नोव्हेंबर २००० मध्ये रूडॉल्फ ह्यूबर आणि श्रेडर इंजिनाचे कर्ते स्टेफान मायर-कालेन यांनी आणली. त्याआधीपासून टिम मान यांच्या एक्सबोर्ड-विनबोर्ड या पट दाखवणाऱ्या प्रोग्रामांची पद्धत चालत होती. तिथं चालू डाव इंजिनानं स्वतः लक्षात ठेवायचा असतो. यूसीआयमध्ये पट दाखवणारा प्रोग्राम प्रत्येक वेळी सगळी स्थिती सांगून मग विचार करायला लावतो. एका पद्धतीसाठी लिहिलेलं इंजिन दुसरीत चालत नाही ते अशा फरकांमुळे. फ्रूट इंजिन लिहिणाऱ्या फॅबियन लेतूझे यांनी मग पॉलीग्लॉट हा दुभाषा तयार केला. स्टॉकफिशसारखं बलाढ्य इंजिनही फक्त यूसीआय बोलतं. एक्सबोर्डमध्ये बसवायचं तर त्यालाही असा दुभाषा लागतो.

आता तुझं इंजिन. सी भाषेतला प्रोग्राम टर्मिनलवर लिहितो तेव्हा ओळ संपताच ती दिसते. तोच दुसऱ्या प्रोग्रामला पाइपनं जोडला की ओळी बफरमध्ये साचत राहतात. तुझं इंजिन उत्तर देत असेल, पण ते पोचत नसेल. प्रत्येक ओळीनंतर 'फ्लश' कर, म्हणजे साचलेलं लगेच पुढे जाईल.

मग हे तपास. 'यूसीआय' आल्यावर नाव, पर्याय आणि शेवटी 'यूसीआयओके' गेलं पाहिजे. 'इझरेडी'ला विचार चालू असतानाही 'रेडीओके' हेच उत्तर हवं, आणि 'स्टॉप' येताच 'बेस्टमूव्ह'. वाचणं आणि विचार करणं एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये) असेल तर हे साधणं अवघड; ते वेगळं कर. चूक शोधण्यासाठी छापलेल्या स्वतःच्या ओळीही काढून टाक, त्या समोरच्याचा गोंधळ करतात.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण. रेणुकामातेचं दर्शन झालं की ओसरीवर बसून एक डाव अरीनात लावू, एक पॉलीग्लॉट मधे घालून विनबोर्डमध्ये. तोवर अरीनाच्या डीबग खिडकीतला मजकूर जपून ठेव आणि 'यूसीआयओके' आलं की लगेच कळव.

तुझा मामा