शुद्ध हरपली? एमआरआयच्या आधी ईसीजी

माणूस कोसळला की आडवाच राहू द्या, पाय वर उचलून धरा. कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय, पळताना किंवा आडवं असताना शुद्ध गेली, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलंय, तर थेट १०८. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

बाकीच्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत चालू गोळ्यांच्या पट्ट्या, जुना ईसीजी आणि पडताना पाहणारा माणूस न्या. हा माणूस निम्म्या तपासण्या वाचवतो. आधी घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी? बहुधा साधी भोवळ. रक्त पाहून येते, उन्हात रांगेत उभं राहूनही. जीभ चावली, नंतर बराच वेळ गोंधळ? फिटचा संशय. काही न जाणवता धाडकन पडलात? हृदयाचे ठोके बघायला हवेत. उठल्याउठल्या? अंगातलं पाणी कमी, नाहीतर रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या. मधुमेहाचं औषध घेऊन उपवास केला असेल, तर साखर उतरलेली असू शकते.

पहिल्या फेरीत चारच गोष्टी: झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, साखर, हिमोग्लोबिन. खासगीत साधारण पाचशे ते हजार रुपये, डॉक्टरांची फी वेगळी. शंका उरली तर टूडी इको दीड ते तीन हजार, चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर दोन ते चार हजार. शहरागणिक फरक पडेल. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत आहेत. महापालिकेचे दर वेगळे.

डोक्याला मार नाही, हातापायांत कमजोरी नाही, बोलणं अडखळत नाही, तरी पहिल्याच दिवशी मेंदूचा एमआरआय सुचवला? 'नेमकं काय शोधताय?' एवढं विचारा. पाच-आठ हजारांचा प्रश्न आहे. 'फुल बॉडी पॅकेज'ही नको. त्यात होल्टर सहसा नसतंच.

आता विम्याचा सापळा. 'तपासण्यांसाठी एक दिवस ॲडमिट व्हा, क्लेम होईल' असं काउंटरवर सांगतात. निव्वळ तपासणीसाठी भरती होणं बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. क्लेम नाकारला की खोलीभाडंही तुमच्याच खिशातून. भरती का, हे डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या.

पेसमेकर लागलाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. शिधापत्रिका आणि आधार लागेल. मंजुरी शस्त्रक्रियेआधी घ्यायची असते. शुद्ध का हरपली हे कळेपर्यंत दुचाकीची किल्ली दुसऱ्याकडे ठेवा.