लाइट बिल नेमकं कोणामुळे वाढतं?

महिन्याचं लाइट बिल आलं की प्रत्येक रूमवर एक सभा भरते. विषय एकच: "बिल कोणामुळे वाढलं?" मग जिचा लॅपटॉप रात्री दोनपर्यंत चालू असतो, तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. पण मित्र-मैत्रिणींनो, आपण इंजिनिअरिंगवाले! भांडायचंच असेल तर निदान आकडे घेऊन भांडूया.

सूत्र शाळेतलंच आहे. वॅट गुणिले तास, भागिले १००० म्हणजे युनिट. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब १० तास जळला की १ युनिट संपलं. गंमत अशी की आपलं लक्ष वॅटकडे जातं, तासांकडे मात्र जात नाही.

आता आमच्या चौघींच्या रूमचा हिशोब बघा.

लॅपटॉप : चार्जरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं. रोज ६ तास पूर्ण ६५ वॅट धरले तरी ०.३९ युनिट होतं, म्हणजे महिन्याला साधारण १२ युनिट. बॅटरी भरली की ओढ कमी होते, त्यामुळे खरा आकडा याहून कमीच.

गीझर : २००० वॅट वाचून धडकी भरते. पण पाणी तापलं की थर्मोस्टॅट तो बंद करतो, म्हणून इथे तास मोजू नका, पाणी मोजा. २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला २० × ४.२ × १५ = १२६० किलोज्यूल लागतात. १ युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, म्हणून एका बादलीला ०.३५ युनिट. चौघींच्या चार बादल्या, महिन्याला ४२ युनिट.

पंखे : साधा जुना पंखा फुल स्पीडला साधारण ७५ वॅट घेतो. दोन पंखे, रोज १२ तास, म्हणजे १.८ युनिट. महिन्याला ५४!

म्हणजे ज्याचं नावसुद्धा सभेत कोणी घेत नाही, तोच पहिला नंबर पटकावतो.

फ्रिजचं गणित असं जमत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्यांना १२ ने भागा. एसीच्या लेबलवरचा आकडा मात्र वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो. तुमचे तास वेगळे असतील तर आकडाही बदलणार.

छापील वॅटवर विश्वास नसेल तर मीटरलाच विचारा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुक, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. मग एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. घरातलं सगळं बंद करून (फ्रिजसकट) फक्त पंखा लावा. दोन लुकलुकींमध्ये १५ सेकंद गेले, तर ११२५ भागिले १५ = ७५ वॅट. झालं प्रॅक्टिकल! नेमकेपणा हवा असेल तर दहा लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढा.

आता रुपये. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० चा जास्त आणि पुढे आणखी जास्त. म्हणून आपण वाचवतो ते युनिट नेहमी सर्वात महागड्या स्लॅबमधलं असतं. समजा ते सगळे आकार धरून १० रुपयांना पडतं. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले तर ५४ चे साधारण २२ युनिट होतात. वाचले ३२ युनिट, म्हणजे महिन्याला ३२० रुपये. दोन पंख्यांना ६००० रुपये लागले असं धरलं, तर पैसे वसूल व्हायला जेमतेम १९ महिने.

अडचण एवढीच की भाड्याच्या खोलीत पंखा मालकाचा आणि बिल आपलं! त्याला नवा पंखा घेण्यात फायदा काय? म्हणून खोली बघायला जाल तेव्हा भाडं आणि पाण्याची वेळ विचारता ना, तशी एकदा मान वर करून पंखासुद्धा बघा. आणि मालकांशी बोलायचंच झालं, तर हा हिशोब कागदावर मांडून न्या. चौघींनी मिळून पंखे घेतले आणि खोली सोडताना सोबत नेले, तरी गणित आपल्याच बाजूने आहे.